स्वतः बांधलेलं पोर्ट लोकांना द्यायचं तर काय करायचं? (फ्रीबीएसडी)

खटपट्या | रविवार, रात्री ११:०५

मंडळी, दोन वर्षं नुसता वाचक आहे. आज दुखणं माझंच आहे म्हणून लिहितोय. लांबण लागणार, आधीच माफी.

इचलकरंजीत मावसभावाची छपाईची प्रेस आहे. लग्नपत्रिका, देवस्थानांचे अहवाल, पतसंस्थांची वार्षिक पत्रकं अशी कामं. जुना सगळा माल जुन्या डीटीपी फॉन्टांत अडकलेला. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी कंस, डॉलर आणि उलटी प्रश्नचिन्हं. हा मजकूर युनिकोडात आणणारं सी भाषेतलं एक छोटं हत्यार मला सापडलं. एका हौशी माणसाने लिहून गिटहबवर ठेवलंय. नाव सांगत नाही, तो इथे वाचत असेल तर उगाच लाजेल.

लिनक्सवर ते सरळ चालतं. प्रेसचा सर्व्हर मात्र मी फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर ठेवलाय, झेडएफएस फाईल सिस्टीमच्या स्नॅपशॉटसाठी (पुतण्याने अख्खं फोल्डर उडवलं होतं, पाच मिनिटांत परत आणलं). मग बसलो आणि पोर्ट बांधलं, म्हणजे हे सॉफ्टवेअर फ्रीबीएसडीवर कुठून उतरवायचं आणि कसं बांधायचं याची कृती. मेकफाईल (बांधणीच्या सूचना), डिस्टइन्फो (सोर्सचा चेकसम, म्हणजे उतरवलेली फाईल तीच आहे का ते ताडायचा आकडा), दोन ओळींचं वर्णन आणि एक पॅच (मूळ कोडातला बदल). पॅच का, तर मूळ कोडमध्ये ‘मॅलॉक डॉट एच’ ही हेडर (फंक्शनांची नावं सांगणारी फाईल) घेतली होती आणि फ्रीबीएसडी तिथेच तोंडावर सांगते की ही आता नाही, ‘एसटीडीलिब डॉट एच’ घ्या. एका ओळीचं काम. माझ्या लॅपटॉपवर बांधलं, चाललं, भावाने पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी प्रेसच्या सर्व्हरवर तेच फोल्डर, तीच कमांड, आणि लिंकर (बांधलेला कोड लायब्रऱ्यांशी जोडणारा) म्हणतो: ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल, लिबआयकॉन्व्ह-ओपन’.

माझे प्रश्न: हे एकीकडे चालतं आणि दुसरीकडे नाही, असं का? सांगली, कोल्हापूरच्या आणखी दोन प्रेसवाल्यांना हवंय, त्यांना झिप करून व्हॉट्सॲपवर पाठवू का? आणि फ्रीबीएसडीच्या मुख्य झाडात (सगळ्या पोर्टांच्या अधिकृत साठ्यात) दिलं तर जन्मभर माझ्या गळ्यात पडेल का?

टिकोजीराव | रविवार, रात्री ११:१२

सर्व्हरवर उबंटू टाक. प्रश्न संपला, पेढेही वाचले.

खटपट्या | रविवार, रात्री ११:१५

टिकोजीराव, प्रत्येक धाग्यावर हेच सांगता. तुमच्यासाठी एक शॉर्टकट की ठेवली पाहिजे.

काका_कर्नल | सोमवार, सकाळी ६:४०

मोबाईलवरून लिहितोय, कमांडा देवनागरीतच वाचून घ्या.

फ्रीबीएसडी १०.० पासून, म्हणजे २०१४ पासून, आयकॉन्व्ह, म्हणजे मजकूर एका संकेतनातून दुसऱ्यात नेणारी सोय, मूळ सिस्टीमच्या लिबसीतच (सी च्या मूळ लायब्ररीत) आहे. पण ग्नूचं लिबआयकॉन्व्ह पोर्ट म्हणून वेगळंही मिळतं आणि ते युजर-लोकल या फोल्डरखाली बसतं. दोन्हीकडच्या हेडर फाईलचं नाव एकच. ग्नूची हेडर मात्र गुपचूप ‘आयकॉन्व्ह-ओपन’चं बारसं करून त्याला ‘लिबआयकॉन्व्ह-ओपन’ करते.

प्रेसच्या सर्व्हरवर दुसऱ्या कुठल्यातरी पॅकेजने ग्नूवालं आधीच आणून ठेवलं असणार. कंपायलरला हेडर मिळाली युजर-लोकलमधली. लिंकर गेला लिबसीच्या दारात आणि नवीन नावाने हाक मारू लागला. लिबसी म्हणते, या नावाचं इथे कोणी राहत नाही. तुझ्या लॅपटॉपवर ग्नूवालं नव्हतंच, म्हणून तिथे तुला कळलं नाही.

उपाय एका शब्दाचा. मेकफाईलमध्ये ‘यूझेस’च्या ओळीत ‘आयकॉन्व्ह’ लिही. मग पोर्टांची यंत्रणाच ‘लिबआयकॉन्व्ह-प्लग’ नावाची व्याख्या कंपायलरला देते आणि हेडर बारसं करायचं थांबवते. पण त्या हत्यारात ‘ट्रान्सलिट’ (नसलेल्या अक्षराच्या जागी जवळचं अक्षर घालणं) वापरलंय का ते आधी बघ. वापरलं असेल तर ‘आयकॉन्व्ह’पुढे विसर्ग देऊन ‘ट्रान्सलिट’ लिहावं लागेल, मग ते ग्नूवालंच ओढून आणतं, कारण त्या बाबतीत दोघांचं वागणं सारखं नाही.

आणि स्वतःच्या लॅपटॉपवर बांधलं गेलं हा पुरावा आमच्यात धरत नाहीत. पूद्रिएर बसव, पोर्टं बांधून तपासायचं साधन. फ्रेंच शब्द आहे, अर्थ दारूगोळ्याचं कोठार, आणि कधीकधी तसंच वाटतं. ते दर वेळी कोरी करकरीत जेल (बाकी सिस्टीमपासून वेगळी बंद खोली) उभी करतं, तू मेकफाईलमध्ये लिहिलेल्या डिपेंडन्सी (लागणारी इतर पॅकेजं) तेवढ्याच आत घालतं आणि मग बांधतं. लिहायला विसरलास ते तिथे उघडं पडतं. सोर्स उतरवून झाला की आतलं नेटही बंद, त्यामुळे बांधता बांधता इंटरनेटवरून काहीबाही ओढणारं सॉफ्टवेअर तिथेच पकडलं जातं.

तीस वर्षांत पोर्टांचा सांगाडा फारसा बदललेला नाही. १९९४ मध्ये जॉर्डन हबर्डने मेकफाईलींच्या काही मॅक्रोंवर हा संसार मांडला. १९९७ मध्ये नेटबीएसडीवाल्यांनी त्याचंच रोप नेऊन पीकेजीसोर्स हा स्वतःचा संच उभा केला. आज मुख्य झाडात तीस हजारांहून जास्त पोर्टं आहेत. तरी एक पोर्ट म्हणजे अजूनही एक फोल्डर आणि त्यात चार-पाच मजकुराच्या फाईली. मला ते फार आवडतं. हे झाड २०२१ साली गिटमध्ये (कोडातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) गेलं, तेव्हा काही लोकांनी उगाच सुतक पाळलं होतं.

खटपट्या | सोमवार, सकाळी ९:२०

काका, ‘आयकॉन्व्ह’ लिहिलं आणि सर्व्हरवर पहिल्या फटक्यात बांधलं गेलं. ट्रान्सलिट नाही, ग्रेपने कोडभर शोधून बघितलं. पूद्रिएर आज रात्री.

सुमेधा_पौड_रोड | सोमवार, दुपारी १:१०

झिप व्हॉट्सॲपवर अजिबात नको. सहा महिन्यांनी तीन प्रेसमध्ये तीन वेगळ्या झिप असतील. एकाची ‘फायनल’, एकाची ‘फायनल-२’, आणि फोन मात्र सगळ्यांचे तुला.

दोन रस्ते आहेत. एक, स्वतःचं ओव्हरले. म्हणजे गिटवर एक लहानसं झाड, त्यात तुझं एक पोर्ट. पूद्रिएरला सांगायचं की मुख्य झाडावर हे पांघर. बांधलेल्या पॅकेजांचा साठा एका वेब सर्व्हरवर ठेवायचा, प्रत्येक प्रेसमध्ये पीकेजीची (फ्रीबीएसडीत पॅकेजं बसवणाऱ्या साधनाची) एक सेटिंग फाईल टाकायची, पुढे ‘पीकेजी अपग्रेड’ केलं की झालं. पॅकेजांवर सही करायला विसरू नकोस.

दुसरा रस्ता मुख्य झाडाचा. बगझिलावर (फ्रीबीएसडीच्या तक्रारी-सूचनांच्या नोंदवहीत) नोंद करायची, बदलाची डिफ फाईल जोडायची, सोबत पूद्रिएरचा लॉग. मेंटेनर (पोर्ट सांभाळणारा) व्हायला कमिटर (झाडात थेट बदल करू शकणारा) असावं लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. झाडात प्रत्यक्ष घालणारा कमिटर वेगळा. मेंटेनरच्या ओळीत नाव आणि मेल मात्र तुझा.

गळ्यात पडण्याबद्दल, माझ्यावरूनच सांगते. एकेकाळी माझ्याकडे चार पोर्टं होती. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की पोर्टस्काऊटचा मेल येतो. फ्रीबीएसडीच्या बांधणीच्या सर्व्हरवर पोर्ट फुटलं की फॉलआऊटचा मेल येतो. पहिलं वर्ष मी मेल आला की त्याच संध्याकाळी बसायचे. मग मुलगी झाली. मेलचं मी वेगळं फोल्डर केलं, आणि वेगळं फोल्डर म्हणजे काय ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

नियम साधा आहे. कुणी बगझिलावर बदल सुचवला आणि मेंटेनर दोन आठवडे गप्प राहिला, तर तो टाइमआऊट धरतात आणि त्याला न विचारता बदल घालता येतो. लागोपाठ तीन टाइमआऊट झाले किंवा तीन महिने काहीच उत्तर नाही, तर त्याची पोर्टं काढून पुन्हा सामायिक पत्त्यावर ठेवता येतात. माझी चारही गेली. कळलं तेव्हा कान गरम झाले. पण त्यातलं एक पोर्ट पाच महिने फुटलेलं पडून होतं आणि कुणीतरी बिचारा त्यावर पॅच लावून वाट बघत बसला होता, तोही मला मेल करून करून. मी पहिल्याच आठवड्यात दोन ओळी लिहिल्या असत्या की मला जमत नाही, काढून घ्या, तर त्याचे पाच महिने वाचले असते.

म्हणून गळ्यात पडत नाही. सोडता येतं, फक्त बोलून सोड. आता माझ्याकडे दोन आहेत आणि ती दोन मी रोज वापरते. न वापरलेलं पोर्ट सांभाळू नये हे मला चार गमावून कळलं.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ८:५५ (इथे अजून संध्याकाळ)

स्टुटगार्टहून. मी उलट सांगेन. ओव्हरलेवरच थांब.

एका वेगळ्या प्रकल्पाला, नाव घेत नाही, मी एक पॅकेज दिलं होतं. आठ महिने हूं नाही की चूं नाही. मग एकाने येऊन मोकळी जागा टॅबमध्ये बदलायला सांगितली. बदलली. पुन्हा चार महिने. तोवर मूळ सॉफ्टवेअरच्या तीन आवृत्त्या पुढे गेल्या आणि माझा पॅच लागेनासा झाला. मी ते बंद केलं आणि घरच्या झाडात ठेवलं. तेव्हापासून झोप नीट लागते. (पाळी रात्रीची असली तरी.)

दुसरं म्हणजे डिपेंडन्सीची लटांबरं. २०२१ च्या फेब्रुवारीत पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीने ३.४ मध्ये रस्ट ही दुसरी भाषा आणली. एका लहान लायब्ररीसाठी अख्खा रस्ट कंपायलर बांधत बसावं लागलं. ज्यांच्या जुन्या मशीनवर रस्टच नव्हतं त्यांचं तर सगळंच अडलं. आज रस्टमधलं काही पोर्ट करायचं तर शेकडो क्रेटांची (रस्टच्या लायब्रऱ्यांची) यादी मेकफाईलीजवळ चिकटवायची, कारण काका म्हणतात तसं आत नेट बंद. खटपट्याचं सी मधलं पिटुकलं हत्यार आहे, ठीक. पण ‘दिलं की झालं’ असं कुणी समजू नये.

काका_कर्नल | सोमवार, रात्री ९:३०

रात्रपाळी, तुझा राग मान्य. वाट मलाही बघावी लागली आहे. पण घरच्या झाडात ठेवलेला पॅच आणखी कुणाच्याच नजरेखालून जात नाही, याचं काय?

डेबियन लिनक्सची जुनी गोष्ट सगळ्यांना माहीत असेल, तरी सांगतो, कारण पोर्ट करणाऱ्याने ती दर वर्षी एकदा आठवावी. २००६ मध्ये ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीच्या पॅकेजमध्ये तपासणीच्या एका साधनाने तक्रार केली की काही मेमरी आधी न भरता वापरली जातेय. पॅकेज सांभाळणाऱ्याने त्या ओळी बंद केल्या. दिसायला स्वच्छता. पण यादृच्छिक आकडे बनवणाऱ्या यंत्राचा दाणापाणीच त्याने तुटला. उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या मशीनवर, किल्लीच्या प्रत्येक लांबीला, जेमतेम ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये बाहेर आलं, तोवर त्या पॅकेजवर बनलेल्या एसएसएच किल्ल्या (दूरच्या मशीनवर शिरायच्या) कुणीही बसल्या बसल्या मोजून काढू शकत होता. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, त्याने मूळ प्रकल्पाच्या यादीवर विचारलंही होतं. पण प्रत्यक्ष पॅच मूळ लेखकांनी आपल्या झाडात घेतलेला नव्हता, तो डेबियनपुरताच राहिला.

म्हणून माझा एकच हट्ट. ‘फाईल्स’ फोल्डरमधला प्रत्येक पॅच मूळ लेखकाकडे पाठव. त्याने घेतला तर पुढच्या आवृत्तीत तुझा पॅच गळून पडतो आणि पोर्ट हलकं होतं. नाही घेतला तर का नाही ते तरी कळतं. खटपट्या, मॅलॉकची ती एक ओळ पाठवलीस का?

खटपट्या | सोमवार, रात्री ९:४१

नाही काका. एवढ्याशा ओळीसाठी काय पाठवायचं, म्हटलं.

काका_कर्नल | सोमवार, रात्री ९:४३

एवढीशी आहे तोवरच पाठव.

वकीलबुवा | मंगळवार, सकाळी १०:०२

एक कोरडा प्रश्न. त्या हत्याराचा परवाना कोणता?

खटपट्या | मंगळवार, सकाळी १०:१५

अहो, गिटहबवर उघडं आहे की सगळं.

वकीलबुवा | मंगळवार, सकाळी १०:३१

दार उघडं आहे म्हणून घर आपलं होत नाही. परवान्याची फाईल नसेल तर सगळे हक्क लेखकाचे. तू तुझ्या मशीनवर बांधलंस ते सोड, पण बांधलेलं पॅकेज तीन प्रेसना वाटणं म्हणजे वितरण. पोर्टाच्या मेकफाईलमध्ये ‘लायसन्स’ची ओळ उगाच ठेवलेली नाही. वाटपाला परवानगी नसेल तर तशी खूणही तिथे करता येते, मग सर्व्हर त्याची पॅकेजं बांधून वाटत नाहीत.

आणखी एक. कुठल्या जुन्या खुणेसाठी कुठलं युनिकोड अक्षर, हा तक्ता त्याने स्वतः बनवला की कुणाच्या विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमधून उचलला? विचार. संशय घेत नाही, विचारायची सवय आहे.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:२०

हे मात्र वकीलबुवांचं शंभर टक्के खरं. ओव्हरलेलाही लागू.

खटपट्या | गुरुवार, रात्री १०:५०

दोन दिवस गायब होतो, कारणं चांगली आहेत.

मूळ लेखकाला मेल केला. दुसऱ्या दिवशी फोनच आला. गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका वाचवायला हे लिहिलं म्हणाले. तक्ता त्यांनी स्वतः बसवलाय, एकेक अक्षर छापून, भिंगाखाली धरून. ‘र्‍य’ आणि ‘ऱ्य’ यांनीच दीड महिना खाल्ला म्हणे. परवान्याचं विचारलं तर म्हणाले, “घ्या हो, कुणाला नको म्हटलंय?” मी म्हटलं, सर, ते लिहून पाहिजे. मग मी बीएसडीचा दोन कलमी परवाना वाचून मराठीत समजावला. तासाभराने फाईल चढली. मॅलॉकचा पॅचही त्यांनी घेतला, तो माझ्याकडून गळला. म्हणजे माझ्या पोर्टात आता एकही पॅच नाही.

पूद्रिएरने दोनदा आपटवलं. पहिल्यांदा ‘पीकेजी-कॉन्फ’ (बांधताना लायब्रऱ्या शोधून देणारं साधन) लिहायचं राहिलं होतं. लॅपटॉपवर ते कधीचं पडून होतं, त्यामुळे माझ्या लक्षातच नव्हतं. दुसऱ्यांदा प्लिस्ट, म्हणजे पॅकेज ज्या फाईली बसवतं त्यांची यादी. हत्यार एक मॅन पेजही (मदतीचं पान) बसवतं आणि मी यादीत ते लिहिलंच नव्हतं. ‘मेक मेकप्लिस्ट’ने यादी काढली, हाताने तपासली, तिसऱ्यांदा हिरवं.

आता अडलंय आवृत्तीवर. सर टॅग (गिटमधली आवृत्तीची खूण) वगैरे काही लावत नाहीत. मी तारीखच आवृत्ती म्हणून टाकली, वीसशे काहीतरी असा आठ आकडी नंबर. चालेल?

सुमेधा_पौड_रोड | गुरुवार, रात्री ११:०८

थांब, चालणार नाही! उद्या सरांना हुरूप आला आणि त्यांनी १.० काढलं तर? पीकेजीच्या हिशेबाने आठ आकडी नंबर १.० पेक्षा मोठा, त्यामुळे नवीन आवृत्ती जुनी ठरेल आणि कुणालाच अपग्रेड मिळणार नाही. मग ‘पोर्टइपॉक’ हा आवृत्तीपेक्षा वरचढ धरला जाणारा आकडा लावावा लागतो, आणि तो एकदा लागला की पुन्हा शून्यावर आणता येत नाही. पोर्ट असेपर्यंत तो शेपटासारखा आवृत्तीमागे राहतो. तारखेच्या आधी ‘०.०.’ लाव, म्हणजे पुढे कुठलीही खरी आवृत्ती मोठीच ठरेल.

नाहीतर सरळ सरांना एक टॅग लावायला सांग. फोनवर बोलता आहातच.

काका_कर्नल | शुक्रवार, सकाळी ६:३०

टॅग लावून घे. आणि जमलं तर त्यांना स्वतः टारबॉल (सोर्सच्या फाईलींचं एकत्र गाठोडं) बनवून रिलीझला जोडायला सांग. गिटहब आपोआप बनवतं ते टारबॉल बाइटन् बाइट तेच राहतील असं धरून चालता येत नाही. ३० जानेवारी २०२३ ला त्यांनी आतली दाबायची पद्धत बदलली आणि जगभरच्या पोर्टांचे, पॅकेजांचे चेकसम एका दुपारी चुकायला लागले. आतला कोड तोच, वेष्टण वेगळं. ओरडा झाल्यावर काही तासांत मागे घेतलं.

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी १:४५

काका, हाताने बनवलेल्या टारबॉलचं दुसरं टोकही सांगा की. मार्च २०२४ चं एक्सझेड, फाईली दाबून लहान करायचं साधन. ५.६.० आणि ५.६.१ च्या रिलीझ टारबॉलमध्ये एक बांधणीची फाईल अशी होती जी गिटमध्ये नव्हतीच, आणि चोरवाट तीच उघडत होती. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंद वाटलं म्हणून सापडलं. फ्रीबीएसडी वाचली, कारण ती वाट फक्त लिनक्सवर डेब किंवा आरपीएम पॅकेज बांधतानाच उघडायची. चेकसम तिथे अगदी बरोबर जुळत होता. चेकसम फक्त एवढं सांगतो की सगळ्यांना तेच विष मिळालं.

काका_कर्नल | शुक्रवार, दुपारी २:१०

मान्य. मग टारबॉल उघडून गिटशी ताडून बघायचा. सरांचं हत्यार दीड हजार ओळींचं असेल, चहा संपायच्या आत होतं. मोठ्या सॉफ्टवेअरला कोण बघतं, हा प्रश्न तुझा बरोबर आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही.

टिकोजीराव | शुक्रवार, दुपारी ४:००

प्रामाणिकपणे विचारतो. हे हत्यार उबंटूत आहे का? माझ्या सासऱ्यांच्या जुन्या कवितांच्या फाईली अशाच अडकल्यात.

खटपट्या | शुक्रवार, दुपारी ४:०६

नाही. पण लिनक्सवर सरळ बांधलं जातं. लिंक व्यनि केली. आणि टिकोजीराव, तुम्ही डेबियनसाठी पॅकेज का करत नाही? सर खूश होतील.

टिकोजीराव | शुक्रवार, दुपारी ४:३०

बघतो. उगाच बोललो.

खटपट्या | रविवार, रात्री १०:२०

दिलं! बगझिलावर नोंद झाली. सरांनी टॅग लावला, १.०. आयुष्यातला पहिला टॅग, नातवाने शिकवला म्हणाले. मुख्य वर्ग ‘टेक्स्टप्रॉक’ ठेवलाय, दुसरा ‘कन्व्हर्टर्स’. झाडात जपानी, कोरियन, हंगेरियन, व्हिएतनामीला स्वतंत्र वर्ग आहेत, मराठी किंवा हिंदीला नाही, तेव्हा तो प्रश्नच आला नाही.

मेंटेनरच्या ओळीत माझं नाव घातलं. सुमेधाताई, कॅलेंडरमध्ये दर तीन महिन्यांची आठवण लावली आहे: ‘अजून वापरतोस का?’ उत्तर नाही आलं तर सोडून देणार, सांगून.

तोवर दोन प्रेसना ओव्हरलेमधून देतोय, सही केलेलं. रात्रपाळी, हे तुमचं ऐकलं.

काका_कर्नल | सोमवार, सकाळी ६:२५

नोंद बघितली. डिफ ठीक आहे. ‘कॉमेंट’च्या ओळीत शेवटी पूर्णविराम आहे तो काढ, पोर्टलिंट (पोर्टातल्या चुका दाखवणारं साधन) ओरडेल.

खटपट्या | सोमवार, सकाळी ८:५०

काढला.